पाय मोजा

मी शाळेत मराठी शिकवते. शब्द कुठे तोडायचा आणि कुठे जोडायचा, या भानगडीत माझं निम्मं आयुष्य गेलं. पोरं घाईत दोन शब्द चिकटवतात, मी लाल पेनाने मध्ये उभी रेघ मारते आणि वर चार शब्द सुनावते. आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात, बाई एवढ्याशा जागेवरून किती खेकसतात. हो, खेकसते. ती एवढीशी जागा राहून गेली तर काय होतं, हे मी आमच्या शेजारच्या घरात डोळ्यांनी बघितलंय.

शेजारचं घर भिकनकाकांचं. काका सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले आणि पॅकिंगमधूनच रिटायर झाले. खोक्यावर बाण जिकडे, तिकडे खोक्याचं तोंड. कागदावर लिहिलंय तेवढंच आणि तसंच करायचं. 'का' हा प्रश्न त्यांनी साहेबाला कधी विचारला नाही आणि बायकोलाही नाही. 'लिहिलंय ना? मग झालं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तापाने फणफणले होते. गोळीच्या पाकिटावर डॉक्टरांनी 'जेवणानंतर' लिहिलेलं. तापात जेवण गेलं नाही, म्हणून या गृहस्थाने गोळीच घेतली नाही. चांगुणाकाकूंनी कपाळावर हात मारला आणि मला हाक मारली, 'बाई, ह्यांना कुणीतरी तोंडी सांगा वो, लिहिलेलं लय मानत्यात हे.'

चांगुणाकाकू दिंडोरी बाजूच्या द्राक्षबागांत मजुरीला जायच्या. पहाटेच पिकअप नाक्यावर यायची, तिच्यात बायका दाटीवाटीने उभ्या. थंडीच्या दिवसांत बागेत डिपिंगचं काम असतं. घडातले मणी लांब व्हावेत म्हणून एकेक घड औषधाच्या भांड्यात बुडवून काढायचा. वेलींचा मांडव डोक्यावर, त्यामुळे हात सतत वर. औषध कोपरावरून ओघळतं, अंगावरून खाली उतरतं आणि शेवटी पायांवर येतं. खाली गवतावर दव असतंच. म्हणजे वरूनही पाणी, खालूनही पाणी, आणि हवा अशी की तोंडातून वाफ निघावी. काकूंचे पाय दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत कधी कोरडे म्हणून नसायचे.

वर काकूंना साखरेचा आजार. आधी पायाला मुंग्या यायच्या, त्या मग यायच्या बंद झाल्या. काकूंना वाटलं, दुखणं बरं झालं. मला म्हणाल्या, 'आता काय बी होत नाय पायाला. दुखत नाय, खुपत नाय.' मीही 'छान झालं' म्हटलं. पायाला काहीच न होणं हेच वाईट असतं, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं.

त्या पायांना काय घालावं, हा त्या घरातला दर थंडीतला विषय. पहिल्यांदा काकांनी मोठ्या उत्साहाने काळे गमबूट आणले. बाहेरचं पाणी आत यायचं बंद झालं, पण आतला घाम आतच. दुपारी बूट उलटा केला की थेंब पडायचे, आणि सकाळच्या गारव्यात ते रबर बर्फासारखं गार. मग कापडी बूट आणले. ते दवाने पहिल्या तासातच ओले व्हायचे आणि घरी येऊनही दुसऱ्या दिवसापर्यंत वाळायचे नाहीत. मग कुणीतरी अक्कल दिली, मोज्यावर दुधाची पिशवी चढवा आणि वर बूट घाला. काकू पिकअपमधून उतरल्या की चालताना चरचर आवाज यायचा, बायका हसायच्या. काका म्हणाले, कंपनीचे सेफ्टी शूज आहेत माझे, ते घाल. ते लोखंडी टोकाचे बूट घालून काकू बागेत एक दिवस गेल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, 'ह्ये पायात घालायचे नाय, कुणाच्या डोक्यात घालायचे हायेत.' शेवटी सगळं फिरून गाडी चपलेवर आली. चप्पल आणि आत लोकरी मोजे, अंगठ्याला वेगळी खोबण असलेले. निळे. थंडीत रस्त्यावर दुकानं मांडणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून पायलने आणले होते, परदेशी जायच्या आधीच्या थंडीत.

पायल ही त्यांची एकुलती एक मुलगी. काकू म्हणायच्या, 'मला आयुष्यात कधी पैंजण मिळालं नाय, म्हटलं पोरीच्या नावातच घालू.' पोरगी नर्स झाली, जर्मन शिकली, आणि जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरीला लागली. ती निघाली त्या दिवशी अख्खी गल्ली विहारापाशी जमली होती, वंदना झाली, पेढे झाले, काका तिच्या बॅगेला दोरी बांधत बसले होते. बॅगेला चाकं होती, कुलूप होतं, तरी दोरी. त्यांचं पॅकिंग कुणी अडवू शकत नव्हतं.

तिथली पहिली थंडी आली आणि पायलने बुटांचा अभ्यासच केला. व्हिडिओ कॉलवर आम्हाला दुकान दाखवायची. आतून लोकर हवी, पण पाय घामेजणारी नको. बाहेरचं पाणी शिरता कामा नये, पण आतली वाफ बाहेर गेली पाहिजे. तळ जाड हवा, घसरणार नाही असा. जाड मोजा घातल्यावरही पुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे, कारण पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि मग लोकर कितीही असो, पाय गारच. काकू हे सगळं ऐकून म्हणाल्या, 'एवढं तर मी तुझ्यासाठी नवरा बघताना बी बघणार नाय.' पण त्यांना तो तपकिरी बूट आवडला होता. 'त्यो, डाव्या बाजूचा, आतून मेंढी हाय त्यो,' असं त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या. नाशिकची एक मुलगी नाताळात घरी येणार होती, तिच्याबरोबर बूट पाठवायचे ठरले. राहिलं होतं फक्त माप.

आणि मग तो मेसेज आला. पायल ड्युटीवर धावत होती. टाइप करायला वेळ नव्हता, तिने फोनला बोलून सांगितलं, फोनने लिहून घेतलं. ती बोलली होती, 'आईचा पाय मोजा, लगेच पाठवा.' फोनने लिहिलं: 'आईचा पायमोजा लगेच पाठवा'.

झालं. काकांनी अक्षरावर बोट ठेवत मेसेज वाचला, काकूंना वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, 'पायमोजा? आणि एकच?' काका म्हणाले, 'लिहिलंय ना एक. मापाला हवा आसंल, दुकानदाराला दाखवायला. पोरगी डोकेबाज हाय.' याला मूर्खपणा म्हणायची माझी हिंमत नाही. माप हवंय हे माणसाला बरोबर कळलं होतं. काकांनी अंगणातल्या दोरीवरून वाळलेला निळा मोजा काढला, घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी खोक्यात, खोकं कापडात शिवलं, वर पत्ता लिहिला आणि पोस्टात नेऊन दिलं. पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय? म्हणाले, 'पायमोजा.' तो हसला. काका नाही हसले.

पायल दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, 'अण्णा, पाठवलंत का?' काका म्हणाले, 'पाठवला की. पोस्टाने.' पायलने मला नंतर सांगितलं, तिला वाटलं, अण्णांनी कागदावर आईचा पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि तो कागद पोस्टाने पाठवला. अण्णांचं कामच तसलं! ती गालातल्या गालात हसली आणि कागदाची वाट बघत बसली. तिचं तरी काय चुकलं? मी कितीदा विचार केला, या प्रकरणात कुणाला धरून झोडावं, तर एकही माणूस सापडत नाही. मला त्या फोनला लाल पेनाने रेघ मारावीशी वाटते.

इकडे काकू एका पायात निळा मोजा आणि दुसऱ्यात पायलचा शाळेतला जुना पांढरा मोजा घालून बागेत जायला लागल्या. बायकांनी चेष्टा केली तर म्हणायच्या, 'माझा एक पाय परदेशात गेलाय, माहिते का?' पिकअपभर हशा पिकायचा.

पार्सल पोचायला फार दिवस लागले. कुठे अडकलं, कुणास ठाऊक. नाताळ तोंडावर आला तेव्हा एका रविवारी सकाळी पायलचा व्हिडिओ कॉल आला. मी तेव्हा काकूंच्या अंगणातच उन्हाला बसले होते, मेथी निवडत. पायलच्या हातात तो निळा मोजा लोंबत होता आणि तिला हसू आवरत नव्हतं. 'अण्णा, मी पाय मोजायला सांगितलं होतं हो! पाय, मोजा! पायमोजा नाही!' आम्हाला कळायला क्षणभर लागला आणि मग आम्ही जे हसलो, की माझ्या मांडीवरची मेथी खाली सांडली. काकू पदर तोंडात धरून हसत होत्या. काका तेवढे ओशाळले. 'मग लिहिलं का नाय नीट,' म्हणत आत गेले आणि सुतळीचा तुकडा घेऊन आले. 'आत्ता मोजतो. ह्या मिनिटाला मोजतो.'

त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली उकिडवे बसले. फोन मी धरला होता, पायलला दिसावं म्हणून. काकांनी निळा मोजा काढला, पाय मांडीवर घेतला. तो ठीक होता. मग पायल म्हणाली, 'दोन्ही पाय मोजा अण्णा, एक जरा मोठा असतो.' काकांनी पांढरा मोजा ओढला. तो निघेना, तळव्याला चिकटला होता. काकूंना त्याचं काहीच वाटत नव्हतं, त्या हसतच होत्या. काकांनी ओढून काढला आणि वास आला. मी तोंड फिरवलं.

तळव्याला, चवड्याखाली, भोक होतं. कडेने काळं पडलं होतं आणि दोन बोटं निळसर. बागेतली छाटलेली काडी चपलेतून आरपार गेली असणार, कधी गेली ते त्या पायालाच कळलं नव्हतं. काका सुतळी हातात धरून तसेच बसून राहिले.

'अण्णा, थांबा.' पायलचा आवाज पार बदलला. मुलीचा आवाज गेला आणि नर्सचा आला. 'बाई, फोन खाली घ्या. अजून खाली. तळवा दाखवा. आई, हे दुखतं का? दाबा अण्णा, जरा दाबा. आई, कळतंय का?' काकू म्हणाल्या, 'काय कळायचंय?' पायल स्क्रीनवर आणखी जवळ आली. मग म्हणाली, 'रिक्षा बोलवा. आत्ता. चहा नाही, काही नाही.' तिच्या हातात मोजा अजून तसाच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बोटं काढावी लागतील म्हटलं, मग म्हटलं बघू, मग म्हटलं इन्फेक्शन वर चढलंय. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, 'घरात कुणी पाय बघत नव्हतं का? महिनाभर आधी बघितला असता तर ड्रेसिंगवर निभावलं असतं.' त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. पण काकांनी तिथेच, कॉरिडॉरमध्ये, खिशातून फोन काढला आणि बोटाने वर सरकवत सरकवत तो मेसेज शोधला. महिन्याच्याही आधीचा होता. त्या दिवशी पाय हातात घेऊन मोजला असता, तर जखम लहान असतानाच दिसली असती. ते फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, 'बाई, तुमी मराठीच्या. वाचा. ह्यात काय लिहिलंय?'

मी काय सांगू? जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं होतं. मी म्हटलं, 'काका, तुम्ही बरोबरच वाचलंत.' ते म्हणाले, 'मग पाय का चाललाय तिचा?' मला रडू कोसळलं. त्या माणसाने उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाला 'का' विचारलं होतं.

पायलला रजा मिळाली, विमानाचं तिकीट मिळालं. निघायच्या आधी ती मोजा घेऊन त्या दुकानात गेली आणि मोज्याच्या मापाने तो तपकिरी जोड घेतला. डॉक्टर अजून 'बघू' म्हणत होते, तिला आशा होती. ती विमानात असताना काकूंचा पाय गुडघ्याखालून काढला. ती खोकं हातात घेऊनच थेट दवाखान्यात आली. पांघरुणाचा आकार बघून दारातच थांबली. काकांनी पुढे होऊन तिच्या हातातलं खोकं घेतलं, उलटं धरलं होतं तिने, ते सुलटं केलं आणि खाटेखाली ठेवलं.

काकूच बोलल्या. 'आणलास का मेंढीवाला? बघू.' पायलने खोक्यातून बूट काढून दिला. काकूंनी आत हात घातला, लोकरीत बोटं फिरवली. 'लय ऊब हाय गं,' म्हणाल्या. 'दुसरा परत घेत्यात का दुकानात?' पायल त्यांच्या उशीवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, 'उगी. आता तो निळा मोजा पण परत आला. उलटा करून घातला की ह्या पायाला बी बसतोय. एक धुवायला, एक घालायला. सोय झाली की.' मी बाहेर निघून आले. असली सोय मला ऐकवेना.

पायल परत गेली, जावंच लागलं. जायच्या आधी तिने काकांना हाताला धरून शिकवलं, रोज सकाळी उरलेला पाय उजेडात घ्यायचा, तळव्याखाली आरसा धरायचा, बोटांच्या फटी बघायच्या, पुसून कोरडा करायचा. हे तिने लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं. आता ती काहीच लिहून पाठवत नाही. रोज फोन करते आणि बोलते. एकच शब्द मात्र ती बोलत नाही. 'पाय बघा' म्हणते, 'तपासा' म्हणते. तो शब्द तिच्या ओठांवर येतच नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. काकांच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते.

परवा सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. थंडी अजून पुरती हटलेली नाही, अंगणात ऊन नुकतं उतरलं होतं. काकू खुर्चीत, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. काका खाली बसलेले, मांडीवर पाय, हातात आरसा. फोन स्पीकरवर होता. पायल म्हणत होती की उन्हाळ्यात हा बूट जड होईल, गरम होईल, तिने एक हलका बघितलाय, हवा खेळती राहणारा. पण आता एकाच पायावर भार येऊन सूज येते, माप बदललं असेल. 'तर अण्णा, एकदा...' आणि ती अडखळली.

'एकदा काय?' काका म्हणाले.

'एकदा ते... माप घ्या.'

काकांनी आरसा खाली ठेवला. 'मोजा म्हण की. भितीस व्हय मला म्हणायला?'

 मग तिकडून बारीक आवाजात आलं, 'अण्णा, आईचा पाय मोजा.'

काकांनी खिशातून सुतळी काढली. ती तीच होती की दुसरी, मला माहीत नाही. टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणून धरली, नखाने खूण केली. मग सुतळी तशीच धरून त्या पायाकडे बघत राहिले, आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

'मोजला गं,' ते म्हणाले.

'किती आला?'

'एक.'

 काकूंनी खुर्चीवरून वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी निळा मोजा घेतला, अंगठ्याची खोबण नीट बसवली, वरून बूट चढवला आणि नाडी बांधायला लागले.